जानकीचं डावं अंग

गुप्ते सरांनी होडीच्या मधोमध ताणलेल्या दोऱ्यापासून काठापर्यंत कॅलिपर लावला, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि तोच आकडा पुन्हा एकदा वाचला. मग दुसऱ्या बाजूला गेले.

"मेस्त्री," ते म्हणाले, "डावी बाजू तीन मिलिमीटर जास्त आहे."

"हाय," मामा म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मीच केलीय. मला नाय म्हायत तर कोणाला?"

होडी पंचावन्न सेंटीमीटरची होती. तळाचं लाकूड फणसाचं, फळ्या सागाच्या, दोन डोलकाठ्या, सुताच्या जाडीचे दोर आणि आईच्या जुन्या सुती पातळाची दोन तिरकी शिडं. मामाने ती पाच महिने खपून केली होती. मंगळवारी सकाळी ती होडीशाळेच्या दारात पाटावर ठेवली होती आणि तिच्याभोवती आम्ही चौघं उभे होतो: मामा, मी, गुप्ते सर आणि शेजारच्या शेडमधून हात पुसत आलेला हरेश जाक्कर.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मी तेव्हा बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन सुरूबंदरला आले होते. विषय भौतिकशास्त्र. निकाल लागेपर्यंत काम नव्हतं, म्हणून मामाच्या कामात मी आपणहून शिरले. जिल्ह्याच्या गावी किनाऱ्यावरच्या जुन्या होड्यांचं संग्रहालय उभं राहत होतं. दहा होड्या, दहा मॉडेलं, प्रत्येक मूळ होडीच्या विसाव्या हिश्शाची. प्रत्येकासोबत नकाशा हवा. मॉडेल आणि नकाशा यांत एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालणार नाही, असं पत्रात लिहिलं होतं. गुप्ते सर जहाजबांधणीतून निवृत्त झालेले आणि तपासणी त्यांच्याकडे.

आमच्या गावाच्या वाट्याला आलेली होडी म्हणजे जानकी. शिडावर चालून मागे जाळं ओढत नेणारी आमच्या बंदरातली शेवटची होडी. ती १९६६ साली मामाच्या वडिलांनी, सखाराम होडेकरांनी बांधली. मी जन्मायच्या आधीच ती मोडीत निघाली होती. तिचा एक धुरकट फोटो आणि मामाचं डोकं, एवढंच तिचं उरलं होतं, असं मी समजत होते.

गुप्ते सरांनी माझा नकाशा पाटाशेजारी पसरला.

"नकाशा फार छान काढलाय," ते मला म्हणाले. "रेषा स्वच्छ, दोन्ही बाजू तंतोतंत. मॉडेल मात्र नकाशाप्रमाणे नाही."

इथे मी बोलायला हवं होतं. तो नकाशा मी मॉडेल मोजूनच काढला होता. डावी बाजू जास्त येते हे मला तीन आठवडे आधीच कळलं होतं. मला वाटलं, हाताचं काम आहे, मामा एकाहत्तर वर्षांचा आहे, एवढं चालायचं. मी दोन्ही बाजूंची सरासरी काढली आणि तीच दोन्हीकडे उतरवली. मापं वेगळी आली की सरासरी घ्यायची, हे मी तीन वर्षं प्रयोगशाळेत केलं होतं. मामाला मी विचारलं नव्हतं आणि दाखवलंही नव्हतं.

मी नकाशाचा वळणारा कोपरा दाबून धरला. मामाने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"सर, ती होतीच वाकडी," हरेश म्हणाला. "माझे बाबा तिच्यावर तांडेल होते, होडी तेच चालवायचे, त्यांना विचारा. बंदरात शिरताना अशी तिरकी यायची की बाकीचे आपल्या होड्या बाजूला घ्यायचे. गावात तिला मोतीबिंदूची होडी म्हणायचे. सखारामआजोबांना दिसेनासं झालं होतं ना शेवटी."

"हरेश, तुझ्या शेडमधे फायबर सुकतंय," मामा म्हणाला. "जा, बघ."

"सुकू दे काशाकाका, त्याला मी लागत नाय."

गुप्ते सर हसले नाहीत. त्यांनी कॅलिपर पेटीत ठेवला. "मेस्त्री, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. असं काम मी फार थोडं पाहिलंय. पण संग्रहालयात मॉडेल जातं ते पुढच्या पन्नास वर्षांसाठी जातं. वाकडं मॉडेल ठेवलं तर लोक म्हणतील होडीच अशी असते. डाव्या बाजूला थोडा रंधा मारा. वर तेल लावलं की कळणारही नाही. मी परवा सकाळी याच वाटेने परत जाणार आहे, तेव्हा घेऊन जाईन."

"रंधा नाय लागणार तिला," मामा म्हणाला.

"का?"

"बाबांनी तशी केली होती."

"हे काही कारण झालं नाही."

"नसेल."

गुप्ते सरांनी कॅलिपरची पेटी बंद केली. मग म्हणाले, "गावाला जागा एकच आहे. तुमचं नाही घेता आलं तर हरेशभाऊंनी फायबरच्या होडीचं मॉडेल करून ठेवलंय, ते घ्यावं लागेल. मला आवडणार नाही ते. पण परवा सकाळी ठरवावं लागेल."

हरेशने खाली पाहिलं. थट्टा करणं वेगळं आणि जागा घेणं वेगळं, हे त्यालाही कळत असावं.

जीप गेल्यावर मामा वाकस घेऊन एका ओंडक्याशी बसला, पण त्याने घाव घातला नाही.

"मामा, मला एक कारण सांग," मी म्हटलं.

"सांगितलं की. बाबांनी तशी केली."

"ते कारण नाही, ती माहिती आहे."

"कॉलेजात वेगवेगळं शिकवतात वाटतं दोन्ही." त्याने वाकस खाली ठेवला. "तू कागदावर दोन्ही अंगं सारखी काढलीस. का गो?"

"मला वाटलं तुझा हात चुकला."

"मंग विचारायचंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता बरं वाटतंय," मामा म्हणाला.

मी त्याच्या समोर ओंडक्यावर बसले. मी म्हटलं, "बरं, मग आता विचारते. फोटोत तर हे दिसत नाही. तीन मिलिमीटर म्हणजे खऱ्या होडीत तीन बोटं. एवढं नेमकं तुला आठवलं कसं?"

मामा उठला. आत जाऊन त्याने पत्र्याची पेटी आणली आणि तिच्यातून दोन दोऱ्या काढल्या. काथ्याच्या, डांबर लावलेल्या, गाठी मारलेल्या. एकीच्या टोकाला तांबडी चिंधी होती.

होडीशाळेतली पद्धत मला ऐकून माहीत होती, पण प्रत्यक्ष दोरी मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्याकडे मेस्त्री नकाशा काढत नसत. होडीला नऊ मोठ्या बरगड्या असल्या तर दोरीला दहा गाठी. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे त्या बरगडीपाशी मधल्या रेषेपासून काठापर्यंतची रुंदी. दोरी आधी उजवीकडे धरायची आणि तीच फिरवून डावीकडे. एका होडीला एकच दोरी, म्हणजे दोन अंगं आपोआप सारखी. चूक झाली तरी दोन्हीकडे तीच होणार.

"मग जानकीच्या दोन का?" मी विचारलं.

"तेच तर. सगळे म्हणाले, दोरी सैल झाली, म्हाताऱ्याला दिसलं नाय, त्याने अर्ध्यात दुसरी केली आणि एक अंग एकीने, दुसरं दुसरीने मोजलं."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणायचं? दोऱ्या हायत, तशी केली."

मी दोन्ही दोऱ्या अंगणात खिळ्यांना ताणल्या आणि टेपने मोजल्या. प्रत्येक अंतर तीनदा मोजलं. मामा उंबऱ्यावर बसून माझ्याकडे पाहत होता. चिंधीवाली दोरी डाव्या अंगाची. तिच्यातून दुसरीचं माप वजा केलं तेव्हा सेंटीमीटरमधे हे आकडे आले, नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागे जाताना: शून्य, दोन, पाच, सहा, चार, दोन, शून्य, शून्य, शून्य.

मी ते वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ पाहत बसले.

दोरी सैल झाली की ती सगळीकडे सारख्या प्रमाणात सैल होते. जिथे अंतर मोठं तिथे फरक मोठा. जानकी सहाव्या बरगडीला सर्वांत रुंद होती. तिथे सर्वांत जास्त फरक हवा होता, पण तो होता दोनच. सर्वांत जास्त फरक होता चौथ्या बरगडीला. आणि मागच्या तीन बरगड्यांना मुळीच नाही. बरं, दिसत नसलेल्या माणसाची चूक म्हणावी, तर ती कुठे कमी, कुठे जास्त अशी विस्कटलेली असते. इथे आकडे चढले होते आणि सावकाश उतरले होते. चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत.

"मामा," मी म्हटलं, "ही चूक नाही."

"मंग काय हाय?"

"ते माहीत नाही अजून. पण कोणीतरी ठरवून केलंय हे."

मामाने दोऱ्या माझ्याकडून घेतल्या आणि गुंडाळायला लागला, पण त्याची गुंडाळी दोनदा सुटली.

त्याच दुपारी मी हरेशच्या वडिलांकडे गेले. अंतूतांडेल तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे. ओट्यावर जाळं विणत बसले होते. जाळी आता बाजारातून तयार येतात, पण त्यांचे हात थांबत नसत.

"काशाची भाची ना तू?" ते म्हणाले. "हरेश सांगत होता, होडीचं लगीन मोडलं म्हणून."

"अजून मोडलं नाही आजोबा. मला जानकीबद्दल सांगा. जाळं कोणत्या बाजूने ओढायचात?"

"डाव्या."

"नेहमी?"

"नेहमी. उजव्या अंगाला शिडाचे दोर बांधलेले. तिथे माणसाला उभं राहायला जागा नाय, तर जाळं कुठे घालणार?"

"मग होडी डावीकडे वळत नसे? सगळं वजन एका बाजूला."

तांडेलांनी सुई थांबवली. "बाकीच्या वळायच्या. मी आधी दुसऱ्यांच्या होडीवर होतो, सुकाणूला दोघं लागायचे. संध्याकाळी खांदा हलवता यायचा नाय. जानकीवर मी सुकाणू असं धरायचो." त्यांनी एक बोट दाखवलं. "बिडी ओढत. तीन तीन तास. जाळं मागे भरलेलं आणि होडी रेषेत. देवीची कृपा होती तिच्यावर."

"आणि जाळं आत घेतल्यावर?"

"मंग लहर फिरायची तिची. घरी येताना उजवीकडे पळायची. धरून धरून आणायला लागायचं. म्हणून तर हसायचे सगळे." ते थोडं हसले. "बंदरात लोक बघायला असतात. बाहेर कोण असतो बघायला? मी आणि दोन खलाशी."

"तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? देवीची कृपा काय सांगत फिरायची असते?"

मी ओट्यावरून उठले तेव्हा मला उत्तर जवळजवळ माहीत होतं. होडीचा डावा गाल फुगीर असला की त्याला पाणी जास्त लागणार आणि नाळ उजवीकडे ढकलली जाणार. डावीकडून जाळं ओढलं की नाळ डावीकडे खेचली जाणार. दोन्ही एकदम असतील तर एकमेकांना खाऊन टाकतील. पण कागदावर मी नुकतीच एकदा तोंडावर पडले होते. मला हे पाण्यात पाहायचं होतं.

बुधवारी सकाळी मी मामाला विचारलं, "होडी पाण्यात घातली तर चालेल?"

"होडी पाण्यात घालायला परवानगी कसली मागतेस?" तो म्हणाला.

बर्फाच्या कारखान्यामागे नऊ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद असा सिमेंटचा हौद आहे. आडोसा असल्यामुळे तिथे वारा लागत नाही. आम्ही डोलकाठ्या उतरवल्या, जाळ्याची शिशाची वजनं तळाशी रचून होडी बरोबर पाणरेषेच्या खुणेपर्यंत बुडवली आणि सुकाणू मधोमध खिळ्याने पक्कं केलं. हौदाच्या तोंडाशी दोन खुंट्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली. होडी पट्टीत टेकवून दर वेळी तीस सेंटीमीटर मागे खेचायची आणि सोडायची. हौदावर मधोमध सुतळी ताणली आणि तीन मीटरवर खूण केली. होडी त्या खुणेशी सुतळीपासून किती बाजूला गेली, तेवढंच मोजायचं.

पहिल्यांदा सोडली ती उजवीकडे गेली. छत्तीस सेंटीमीटर.

दुसऱ्यांदा उजवीकडे. तिसऱ्यांदा उजवीकडे.

हौदाला उतार किंवा पाण्याला ओढ असेल म्हणून मी पाच वेळा या टोकाकडून सोडली आणि पाच वेळा त्या टोकाकडून. दहाही वेळा उजवीकडे. सरासरी अडतीस. या वेळी मात्र सरासरीच्या आधी दहाही आकडे लिहून ठेवले.

तोवर हरेश आला होता. त्याच्यामागे बर्फाच्या कारखान्यातले दोघं. "बघा, मी सांगत होतो ना," हरेश म्हणाला. "अजून तशीच पळतेय. काशाकाका, रक्तातच हाय तिच्या."

"थांब जरा," मी म्हटलं आणि जाळ्याचा एक तुकडा होडीच्या डाव्या काठाला दोऱ्याने बांधला. तांडेलांनी सांगितलेल्या मापाला विसाने भागून तो कापला होता.

होडी सुटली. जाळं पाण्यात पसरलं. तीन मीटरवर ती सुतळीच्या डावीकडे अकरा सेंटीमीटर होती.

मी तुकड्याची दोन बोटं कडा कापली आणि पुन्हा बांधला. या वेळी होडी सुतळीखालून निघाली आणि सुतळीखालूनच गेली. खुणेशी दोन सेंटीमीटर उजवीकडे. पुन्हा सोडली, तीन डावीकडे. पुन्हा सोडली, सुतळीवर. जाळं मागे घेऊन ती हौदाच्या मधोमध अशी चालली होती की जणू पाण्यात कोणी रूळ टाकले होते.

हरेश हौदाच्या कडेला उकिडवा बसला. "पुन्हा एकदा सोड," तो म्हणाला. सोडली. "जाळं उजवीकडे बांध बघू." बांधलं. होडी तीन मीटरपर्यंत पोचलीच नाही, उजव्या भिंतीला जाऊन टेकली.

"बाबा बोटाने सुकाणू धरायचे म्हणतात," हरेश म्हणाला, "मला वाटायचं, म्हातारा फुशारक्या मारतो."

तो उठला आणि घराकडे गेला. मी होडी पाण्यातून काढून पुसली. मामा हौदाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. त्याच्याजवळ गेले तेव्हा तो पाण्याकडे पाहत होता.

"मामा, कळलं का तुला? जाळं असतानाच ती सरळ चालते. तशीच बांधली होती ती. आजोबांना दिसत होतं की नाही ते सोड, त्यांना माहीत होतं."

"कळलं."

"मग असा का बसलास?"

त्याने उत्तर दिलं ते माझ्याकडे न बघता. "जानकी पाण्यात गेली तेव्हा मी अठरा वर्षांचा. पोरं चिडवायची. बंदरात ती तिरकी शिरली की मला तोंड लपवायला जागा नसायची. एक दिवस होडीशाळेत चार माणसांदेखत मी बाबांना म्हटलं, तुम्हाला दिसत नाय, आता वाकस माझ्याकडे द्या."

"मग?"

"दिला. हात पुसले आणि घरी गेले. परत होडीशाळेत आले ते बसायला यायचे, कामाला नाय." मामाने पाण्यात हात घातला आणि बाहेर काढला. "त्यानंतर मी अकरा होड्या केल्या. अकराही एका दोरीवर. सरळ. कोणी नाव ठेवायला नको."

"त्यांनी तुला सांगितलं का नाही?"

"ज्याने विचारलंच नाय, त्याला काय सांगायचं?"

मला माझा नकाशा आठवला.

"ते गेल्यावर पेटीत दोऱ्या मिळाल्या," मामा म्हणाला. "एकीला चिंधी बांधून ठेवलेल्या. चुकलेली दोरी मेस्त्री ठेवत नाय गो, जाळून टाकतो. तेव्हापासून मला वाटायचं, काहीतरी असेल. पण काय, ते कळेना. म्हणून म्हटलं, एकदा त्यांच्या दोरीवर करून बघू. एवढीशी का होईना."

"आणि म्हणून रंधा नको म्हणालास."

"एकदा मारला होता, बाबांवर," मामा म्हणाला. "पुरे."

गुरुवारी सकाळी गुप्ते सर आले तेव्हा त्यांना आम्ही होडीशाळेत थांबू दिलं नाही, सरळ हौदावर नेलं. तिथे अर्धा गाव होता. हरेशने अंतूतांडेलांना खुर्चीत बसवून आणलं होतं आणि सावलीसाठी त्यांच्या डोक्यावर ताडपत्री धरून स्वतः उन्हात उभा होता.

आधी मी नकाशा उलगडला.

"सर, हा नकाशा चुकलाय. डावी आणि उजवी बाजू वेगळी आहे हे मला मोजताना कळलं होतं. मी सरासरी घेतली. परवा तुम्ही कौतुक केलंत तेव्हा मी बोलले नाही. चूक माझी आहे, मॉडेलची नाही."

गुप्ते सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुढे," ते म्हणाले.

मी दोऱ्यांचे आकडे दाखवले. मग होडी सोडली, आधी जाळ्याशिवाय, मग जाळं लावून. चौथ्या वेळी सरांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हौदात उतरून स्वतः होडी सोडली. सहा वेळा. प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने वाचला आणि मी लिहिला.

"जाळ्याचा तुकडा एवढाच का?" त्यांनी विचारलं.

"तांडेलआजोबांचं माप विसाने भागून आधी घेतला होता. तो जास्त झाला. मग कापला. पाण्याचा विरोध मापाच्या प्रमाणात उतरत नाही, त्यामुळे हाच आकार बरोबर असं मी म्हणत नाही. बाजू बरोबर आहे आणि जागा बरोबर आहे, एवढंच दाखवता येतं. तीनच बोटं का, हे मला अजून काढता आलेलं नाही."

"ते काढायला मलाही महिना लागेल," सर म्हणाले. "संगणक घेऊन." ते पाण्यातून बाहेर आले आणि ओल्या पायांनी मामासमोर उभे राहिले. "तुमच्या वडिलांचं शिक्षण किती, मेस्त्री?"

"शाळेत गेले नाय."

"हे त्यांना कोणी सांगितलं असेल?"

मामा उत्तर देणार इतक्यात खुर्चीतून तांडेल बोलले. "कोण सांगणार? महिनाभर तो माझ्या जुन्या होडीवर रोज यायचा. मासे धरायला नाय हो. नाळेशी पालथा पडून पाण्याकडे बघत बसायचा. आम्हाला वाटायचं, डोळ्यांनी अधू, बिचारा, काय दिसतंय याला."

हरेशच्या हातातली ताडपत्री खाली आली होती, ती त्याने परत वर केली.

गुप्ते सरांनी जीपमधून एक कार्ड आणलं. संग्रहालयात काचेखाली लावायचा मजकूर ते तिथेच लिहून घेत असत.

"होडीचं नाव जानकी. बांधणी, काशिराम सखाराम होडेकर," ते लिहिता लिहिता म्हणाले.

"नाय," मामा म्हणाला. "बांधणी सखाराम होडेकर. माझं नाव खाली. मॉडेल करणारा म्हणून."

सरांनी खोडून पुन्हा लिहिलं. "आणखी काही?"

"व्हय. लिहा, डावं अंग तीन बोटं जास्त ठेवलंय."

"लिहिलं."

"त्याच्याआधी लिहा, मुद्दाम."

सरांनी तो शब्द घातला आणि कार्ड मामाच्या हातात दिलं. मामाला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून त्याने सगळं वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं, मागे आलं आणि तीच ओळ परत वाचून पुढे गेलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "न्या."

आम्ही होडीशाळेत आलो. मी डोलकाठ्या बसवल्या, दोर आवळले, शिडं चढवली. जीपच्या मागे गवताने भरलेलं खोकं तयार होतं. गुप्ते सर होडी उचलायला वाकले, तसा मामाने त्यांच्या मनगटाला हात लावला.

"तसं नाय सर. होडी शाळेतून बाहेर पडते ती एकट्याने नाय पडत. हात लावायला माणसं लागतात."

"अहो, अडीच किलोची आहे."

"असू दे."

सर बाजूला झाले. पाटाच्या एका कडेला मामाने हात घातला, दुसऱ्या कडेला हरेशने. बर्फाच्या कारखान्यातले दोघं आले. मला मामाने डाव्या अंगाला उभं केलं. अंतूतांडेलांची खुर्ची कोणीतरी उचलून जवळ आणली आणि त्यांनी बसल्या बसल्या पाटाला बोटं टेकवली. होडी लोटताना देतात ती हाळी त्यांनीच दिली. आवाज चिरका होता, पण ठेका बरोबर होता. आणि पंचावन्न सेंटीमीटरची होडी आम्ही सहा जणांनी मिळून उचलली. अंगणातून जीपपर्यंतची वीस पावलं, कोणाचाही पाय चुकू न देता, खांद्याला खांदा लावून आम्ही तिला नेलं.